चार सीडीआय बदलले तेव्हा कुठं आमची क्वाड नीट चालायला लागली

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचाल. माझ्याकडं सेकंडहँड घेतलेली २०० सीसीची चायना एटीव्ही आहे, म्हणजे चार जाड चाकांची बाइक, तिलाच क्वाड म्हणतात. एअर कूल्ड, कार्ब्युरेटरवाली, क्लचवाले गिअर आणि एक रिव्हर्स, चालू करायला फक्त सेल्फ, किक नाही. इंजिन म्हणजे होंडाच्या जुन्या सीजी १२५ ची मोठी केलेली कॉपी, म्हणजे कॅम वर हेडमध्ये नाही, खाली आहे आणि तिथून पुशरॉडने (लांब सळईने) व्हॉल्व उघडतात. हे पुशरॉड लक्षात ठेवा, पुढं येणारेत. गाडी असते वेल्ह्याकडं शेतावर, मी राहतो कोथरूडला, आणि हिला रस्त्यावर चालवायचं पासिंगच नाही त्यामुळं काही मोठं बिघडलं की छोटा हत्ती सांगायचा आणि धायरीला आमच्या मेस्त्रींकडं आणायची. छोट्या हत्तीच्या एका खेपेला जे भाडं जातं त्यात साधे सीडीआय (ठिणगी पाडणारा डबा, पुढं सांगतो) दोन येतात, तर पार्ट स्वस्त आहे म्हणून गाडी स्वस्त आहे असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडं हसून बघायचं.

झालं असं की मागच्या उन्हाळ्यात गाडी गरम झाली की अडकायला लागली. थंड असताना एकदम शहाणी, सेल्फ मारला की चालू. वीस-पंचवीस मिनिटं खताची पोती वरच्या खाचरात नेली की मग फटफट, ५००० आरपीएमच्या आसपास मिसिंग (प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर लावलाय मी, दोनशे-तीनशेत मिळतो, घ्याच) आणि मग ऐन चढावर गप्प. पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. शेजारचे काका बांधावर बसून दोन-तीन दिवस हे बघत होते, शेवटी म्हणाले, "दादा, पाणी दाखवा त्याला, दमलंय ते."

ज्याला विचारलं तो एकच म्हणाला, सीडीआय गेला. आणि मलाही तेच ऐकायचं होतं हे कबूल करतो, कारण सीडीआय बदलायचा म्हणजे सोबत काहीतरी भारी "परफॉर्मन्स" वालं टाकता येतं ना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीडीआय म्हणजे तो काळा डबा ज्यात एक कपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टला भरून ठेवलेला असतो, मॅग्नेटच्या बाहेर एक उंचवटा असतो तो पल्सर कॉइलपुढून गेला की डब्याला सिग्नल मिळतो, आणि डबा ते सगळं एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये सोडतो, तिथून हजारो व्होल्ट होऊन प्लगला ठिणगी. किती आरपीएमला ठिणगी किती आधी टाकायची आणि कुठल्या आरपीएमच्या वर टाकायचीच नाही, हे पण तोच डबा ठरवतो. म्हणजे डोकं आहे ते. त्यामुळं दुसरं डोकं बसवलं की गाडी दुसरी होईल असं वाटणं साहजिक आहे, माझं तर वाटून झालं.

नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या गल्लीत एका दुकानात मोबाइलवर फोटो दाखवला की हा डबा द्या. काउंटरवरच्या आजोबांनी चष्मा वर करून फोटो बघितला, विचारलं, "एसी का डीसी?" म्हणलं माहीत नाही, पाच पिना आहेत. "पाच पिनांत दोन्ही येतात. काढून घेऊन या, फोटोला प्लग बसत नाही." आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळले. तेव्हा राग आला पण नंतर कळलं की एका वाक्यात जेवढं शिकवता येतं तेवढं शिकवलंनी.

कारण हाच पहिला मुद्दा आहे आणि इथंच निम्मे लोक पैसे घालवतात. एसी सीडीआयला करंट थेट मॅग्नेटच्या आतल्या एका वेगळ्या कॉइलमधून येतो, बॅटरी नसली तरी ठिणगी पडते. डीसी सीडीआय बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतो आणि आतल्या आत ते वाढवून घेतो. दोन्ही डबे दिसायला सारखे, प्लगही कधीकधी सारखाच, आणि एकाच्या जागी दुसरा लावला तर ठिणगी नाही, नशीब खराब असेल तर डबा पण गेला. ओळखायचं सोपं आहे, डबा काढा, चावी ऑन करा, मल्टिमीटरची काळी वायर चासीला आणि लाल वायरने प्लगच्या एकेक पिनेवर बघा, कुठं सरळ १२ व्होल्ट मिळाले तर डीसी. माझी डीसी निघाली. आणि अजून एक फरक आहे जो जिवाशी आहे, एसीमध्ये किल स्विच एक वायर अर्थ करून इंजिन बंद करतो, डीसीमध्ये साधारण १२ व्होल्टच तोडतो. म्हणजे वायरिंग बदलून एसीचं डीसी करायला गेलात तर किल स्विच उलटा होतो किंवा होतच नाही. कुठलाही डबा बदला, पहिली टेस्ट रायडिंगची नाही, गाडी उभी ठेवून आयडलला किल स्विच आणि हाताला बांधायची दोरी ओढून बघायची. आमचा भाचा येतो सुट्टीला आणि त्याला क्वाड म्हणजे खेळणं वाटतं म्हणून हे इतकं लिहितोय.

तर आता डबा नंबर एक, म्हणजे मी ओरिजिनल काढून जो पहिला लावला तो. ऑनलाइन मागवला, नाव लिहीत नाही, नाव असं काही नव्हतंच त्यावर, झगझगीत रंगाचं प्लास्टिक आणि वर "रेसिंग". साडेचारशे रुपये. जाहिरातीत मोठ्ठं लिहिलेलं की आरपीएम लिमिट नाही. लावला, आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी मजा आली, हलकी वाटायला लागली गाडी, थ्रॉटल दिला की पटकन वर जायची. गरम झाल्यावरचं मिसिंगही गेलं! मी घरी येऊन बायकोला सांगितलं की बघ साडेचारशेत काम झालं. फक्त चालू करताना कधीकधी सेल्फला एक उलटा झटका बसायचा, टण्ण असा आवाज, दुर्लक्ष केलं.

तेव्हाच पाऊसही सुरू झाला होता. वेल्ह्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना चिखल सांगायची गरज नाही. भाताची चिखलणी झालेल्या खाचराच्या कडेनं पाइप घेऊन जात होतो, मागची दोन्ही चाकं बसली. मी केलं ते सगळेच करतात, दुसरा टाकला आणि थ्रॉटल पूर्ण दाबला, चाकं जागेवर फिरायला लागली, भार काहीच नाही इंजिनवर, मीटरवर ९०००, ९८००, १०२०० आणि मग एक टिकटिक आवाज आणि इंजिन असं बोलायला लागलं जसं कुणी डब्यात चमचा हलवतंय. बंद केली, परत चालू झाली ती लंगडत. ओरिजिनल डब्याला कुठंतरी नऊ हजाराच्या अलीकडं लिमिट होती, या इंजिनाचा जीव तसाही सात-साडेसात हजारालाच संपतो, त्याच्यावर नुसता आवाज. पण वर गेलं की व्हॉल्वच्या स्प्रिंगला एवढ्या वेगात परत येणं जमत नाही, रॉकर (व्हॉल्व दाबणारा दांडा) आणि पुशरॉडमध्ये गॅप पडते, पुशरॉड जागेवरून सरकतो. माझा एक्झॉस्टचा वाकला. मेस्त्रींनी काढून काचेवर ठेवून फिरवला तर केळ्यासारखा डुलत होता. बघून एवढंच म्हणाले, "कंपनीवाले येडे होते का लिमिट लावायला?"

पुशरॉड, रॉकर ॲडजस्ट, पॅकिंग, छोटा हत्ती दोन वेळा. साडेचारशेचा डबा साडेपाच हजाराला पडला. वर तो उलटा झटका, त्याचंही कारण तोच डबा, चालू करताना इंजिन हळू फिरत असतं तेव्हा ठिणगी टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) जरा आधी, १० अंश वगैरे पडायला पाहिजे, हा डबा बहुधा सुरुवातीपासूनच जास्त ॲडव्हान्स देत होता, म्हणजे ठिणगी फार आधी टाकत होता, म्हणून पिस्टन वर यायच्या आतच धक्का मारून मागं ढकलायचा. तो धक्का सेल्फच्या वन-वे क्लचला बसतो, त्यात तीन रोलर असतात, आणि ते गेले की मॅग्नेट काढून बसायचं. आमचे थोडक्यात वाचले.

डबा नंबर दोन, आता शहाणपण आलेलं, म्हणून ओरिजिनलसारखाच साधा काळा डीसी, लिमिटवाला, नऊशे रुपये, डबा हातात घेऊन जाऊन प्लग जुळवून आणला. छान चालला. तीन आठवडे. मग मेला, ठिणगीच नाही. आणि हा मेला तेव्हा मी पण चिडलो आणि मेस्त्री पण चिडले, पण मेस्त्री कामाचे चिडले. त्यांनी गाडी धक्क्याने ओरिजिनल डब्यावर चालू केली (हो, जो गेलाय म्हणून मी काढून ठेवला होता तोच, तो चालू होता!!) आणि बॅटरीवर मीटर लावला. आयडलला १४. थ्रॉटल दिला तर १५, १६, १६.८. "हे बघा," म्हणाले, "याच्यापुढं कुठला बी डबा लावा, भाजूनच निघणार." रेग्युलेटर रेक्टिफायर गेलेला. चांगला रेग्युलेटर १४.५ च्या आसपास थांबवतो. डीसी सीडीआय थेट बॅटरीच्या लाइनवर बसलेला असतो, तिथं जास्त व्होल्टेज आलं की बिचारा रोज शेकत राहतो. बल्ब पण जात होते वर्षभर, त्याचा संबंध मी कधी लावलाच नव्हता, चायना बल्ब म्हणून शिव्या देत होतो.

मग प्रश्न राहिला की ओरिजिनल डबा चांगला होता तर उन्हाळ्यात काय होत होतं, आणि रेसिंग डब्याने ते बरं कसं झालं? याचं उत्तर ऐकून मला माझीच लाज वाटली. बरं डब्याने नाही, पावसाच्या गारव्याने झालं होतं. मेस्त्रींनी पल्सर कॉइलची ओहम बघितली, थंड असताना १४२, या जातीच्या पल्सरला १०० ते २०० च्या मधे काहीही ठीक. मग मला म्हणाले गरम करून बघायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी घरून हेअर ड्रायर नेला (बायकोला सांगून, नंतर). मीटर लावून ठेवला आणि पल्सरवर गरम हवा मारत बसलो, १४२, १५०, १५८, १६३, आणि मग एकदम आकडा गायब, म्हणजे सर्किट ओपन. ड्रायर बंद करून फुंकर मारली, मिनिटाभरात परत १५५. आतली तार कुठंतरी तुटलेली आणि गरम झाली की फाकायची. तीनशे वीस रुपयांची पल्सर कॉइल. तेवढं एक आधी बघितलं असतं तर या लेखाची गरजच नव्हती.

त्यामुळं इग्निशनला पैसे घालवायच्या आधी एवढं तरी बघून घ्या, पल्सर थंड आणि गरम दोन्ही, बॅटरीवर रेव्ह करताना व्होल्टेज, इंजिन ते चासी अर्थची वायर घासून (क्वाडला रंग आणि चिखल दोन्ही जाड असतात, अर्थ कायम लटका), प्लगची कॅप पिळून काढून वायरचं टोक कापून परत, आणि नवीन प्लग, ०.६-०.७ एमएम गॅप. मेस्त्री अजून प्रत्येक प्लगला मायकोच (बॉशचं इथलं जुनं नाव) म्हणतात, एनजीकेचा आणला तरी "मायको बसवला" असंच बिलावर. चेतकचे पॉइंट (सीडीआयच्या आधी ठिणगी पाडायची सोय) पॉलिश पेपरने घासत मोठी झालेली पिढी आहे ती, त्यांना डब्याचं कौतुक नाही, त्यांना आधी ठिणगी निळी आहे का पिवळी ते बघायचं असतं, आणि बरोबर आहे त्यांचं.

आता नवीन पल्सर, नवीन रेग्युलेटर, ओरिजिनल डबा, गाडी ठणठणीत. शहाणा माणूस इथं थांबला असता. पण माझ्या डोक्यात तो उलटा झटका आणि लिमिट हे दोन विषय घुसले होते, आणि दुसरं म्हणजे वर चढाला कमी आरपीएमला ओढताना इंजिन जरा खडखडायचं, म्हणून म्हणलं की आपल्याला हवा तसा टायमिंग लावता येईल असं काही मिळतं का बघू.

पहिला सल्ला अर्थात पल्सरचा डबा लाव. (पल्सर बाइकचा, कॉइलचा नाही, या शब्दाने गोंधळ होतो.) पुण्यात बजाजचा पार्ट आकुर्डीच्या सावलीत मिळतो, वाटेल तिथं मिळतो, क्वालिटी चांगली, मोह होणारच. पण विचार करा, डीटीएस-आय पल्सरला एका सिलिंडरला दोन प्लग, डबा त्या हिशोबाने, आणि त्यातला कर्व्ह (किती आरपीएमला ठिणगी किती आधी तो हिशोब) त्या मॅग्नेटवरच्या उंचवट्याच्या लांबीला आणि जागेला धरून बनवलाय. आपल्या मॅग्नेटवर उंचवटा दुसरीकडं, दुसऱ्या लांबीचा. ठिणगी पडेल, पण कुठं पडेल ते देवाला माहीत. लोकांनी चालवलेत असे जुगाड, टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून ती कुठं पडते ते दाखवणारा दिवा) लावून बघितलेला मात्र मला एकही भेटला नाही.

दुसरीकडं मोठ्या क्वाडवाल्यांची दुनिया. एका मित्राकडं सुझुकीची एलटी-झेड ४०० आहे, कार्ब्युरेटरवाली, २००३ ला आली ती जात. त्याच्याकडं डोकं खाल्लं. त्यांच्यासाठी डायनाटेक आहे अमेरिकेचं, व्होर्टेक्स आहे ऑस्ट्रेलियाचं, व्होर्टेक्सच्या एक्स१० ला तर डब्यावरच छोटा गोल स्विच असतो, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा, दहा मॅप म्हणजे दहा वेगळे कर्व्ह. ते सगळं त्या त्या मॉडेलच्या प्लगसकट येतं, लावलं की झालं. ज्यांच्याकडं रॅप्टर ७०० सारखी इंजेक्शनवाली आहे त्यांना तर इग्निशनबरोबर पेट्रोलपण सेट करावं लागतं, तो वेगळा खर्च आणि वेगळा अभ्यास. आणि यामाहा बॅन्शी, ती टू-स्ट्रोक ट्विन ३४७ सीसीची, तिच्यात टू-स्ट्रोकमुळं वरच्या आरपीएमला टायमिंग उलट मागं आणतात म्हणजे उष्णता पाइपात जाते आणि पाइप काम करतो, फोर-स्ट्रोकचा कर्व्ह तिथं लावला तर पिस्टनला भोक. आपल्या चायना २०० ला यातलं काहीच थेट बसत नाही, पण वाचून एक कळलं की "ॲडव्हान्स जास्त म्हणजे पॉवर जास्त" हे अर्धवट आहे.

मग राहिले युनिव्हर्सल प्रोग्रामेबल डबे. युरोपात दोन छोट्या कंपन्या यात प्रसिद्ध, स्लोव्हेनियाची झीलट्रॉनिक आणि चेक देशातली इग्निटेक. झीलट्रॉनिकला हातात धरायचा छोटा प्रोग्रॅमर मिळतो, टू-स्ट्रोकवाल्यांचं विशेष प्रेम तिच्यावर. इग्निटेकचा डीसी सीडीआय विंडोजच्या लॅपटॉपला जोडून सेट करायचा. मी इग्निटेक घेतला कारण लॅपटॉप होताच. कुरिअर, ड्युटी सगळं धरून वीस हजाराच्या आतबाहेर पडला. हो, कळतंय मला, गाडीची किंमत काय आणि डबा काय. वडील म्हणाले, "पितळेच्या अंगठीत हिरा बसवायचा म्हणतोस का?" मी गप्प.

एक सांगतो, हे लावणं म्हणजे प्लग काढला प्लग लावला असं नाही. वायरिंग आपलं आपण करायचं, आणि डब्याला आधी सांगावं लागतं की मॅग्नेटवरचा उंचवटा टीडीसीच्या किती अंश आधी सुरू होतो आणि किती लांब आहे. कागदावर अंशाची चकती प्रिंट करून मॅग्नेटवर चिकटवली, प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर सोडून टीडीसी पकडलं, टी ची खूण जुळते का बघितली, मग उंचवट्याच्या दोन्ही टोकांना मार्करने रेघा मारून अंश वाचले. एक संध्याकाळ गेली. आणि एवढं करून पहिल्यांदा मी पल्सरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या. वायरी उलट झाल्या की डबा उंचवट्याच्या एका कडेऐवजी दुसरी कडा पहिली समजतो, सगळं टायमिंग सरकतं, कार्ब्युरेटरमधून असा फटाका निघाला की शेजारच्या पंक्चरवाल्याने डोकं बाहेर काढलं. मेस्त्री काही बोलले नाहीत, बाटलीतून पाणी प्यायले आणि परत कामाला लागले.

टायमिंग लाइट अंधार पडल्यावर लावली म्हणजे खुणा स्पष्ट दिसतात. शेडमधला दिवा बंद, चोक हलका, इंजिन आयडलला, आणि लाइटच्या फ्लॅशमध्ये मॅग्नेट जणू थांबलेलं, एफ ची (आयडलला ठिणगी पडायची) खूण बरोबर नॉचसमोर उभी. थ्रॉटल दिला की ती हळूच सरकत जाते आणि साधारण ४००० ला दोन समांतर रेघांच्या (पूर्ण ॲडव्हान्सची खूण) मधे येऊन थांबते. मला हे बघायला इतकं आवडलं की चार-पाच वेळा उगीच केलं. एवढी वर्षं एआरएआयच्या (गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था) टेकडीवर रोज फिरायला जातो, खाली आत लोक हीच कामं कोट्यवधीच्या मशीनवर करत असतील, आपण धायरीत पत्र्याच्या शेडमध्ये.

सेटिंग शेवटी असं ठेवलं: चालू करताना १० अंश, आयडलला १२-१३, २५०० ला २२, ४००० पासून वर ३०, लिमिट ८५००. मधे हौसेने ३४ करून बघितलं, सपाटीवर काही फरक नाही आणि चढाला भार घेऊन नॉकिंग (तीच खडखड), आपल्याकडचं साधं पेट्रोल, एअर कूल्ड इंजिन, मे महिना, कशाला पाहिजे. परत ३०. कार्ब्युरेटरवर थ्रॉटल सेन्सर नसल्यामुळं मॅप फक्त आरपीएमवर आहे, डब्याला इनपुट असलं तरी द्यायला काही नाही आपल्याकडं.

फरक काय पडला? पॉवर वाढली नाही. कुणी २०० सीसीच्या स्टॉक इंजिनावर नुसत्या सीडीआयने पॉवर वाढली सांगितलं तर त्याने साडेचारशेवाला घेतलाय आणि अजून त्याचा पुशरॉड वाकायचाय. पण उलटा झटका शून्य, एकदाही नाही, पाच महिने झाले. सकाळी दवात पहिल्या सेल्फला चालू. खालच्या आरपीएमला चढ ओढताना खडखड गेली कारण १५०० ते २५०० मधे मी दोन-तीन अंश कमी ठेवलेत. आणि चिखलात परत एकदा चाकं बसली तेव्हा ८५०० ला इंजिन बरबर करून थांबलं, वर गेलंच नाही, तेव्हा मात्र वीस हजारातले निदान पाच तरी वसूल झाले असं वाटलं. मेस्त्रींचं मत विचाराल तर ते अजून म्हणतात की ओरिजिनल डब्यावर पण हेच झालं असतं, लिमिट त्याला पण होतीच. झटका पण नव्हता त्याला. यावर माझ्याकडं उत्तर नाही, खडखडीचं सोडून.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी केल्या, त्या कुठल्याही डब्याला लागू आहेत. डबा पुढच्या प्लास्टिकखालून काढून सीटखाली रबराच्या मोज्यात टांगला, वायर आधी खाली लोंबकळून मग वर प्लगमध्ये जाते म्हणजे पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळतं, आणि कनेक्टरमध्ये सिलिकॉनचं ग्रीस. प्रेशरने धुताना तिथं पाणी मारायचं नाही, भाच्याला दोनदा सांगितलंय, तिसऱ्यांदा सांगेन.

शेतकामाला किंवा रविवारी मजेला चायना क्वाड असेल तर साधा, लिमिटवाला, आपल्याच एसी किंवा डीसी जातीचा काळा डबा घ्या, हातात जुना घेऊन जा, हजाराच्या आत विषय संपतो, उरलेल्या पैशात रेग्युलेटर आणि पल्सर नवीन टाका. लहान मुलांच्या ११० सीसी क्वाडवर "नो लिमिट" कधीही नको, कुणी फुकट दिला तरी. इंजिनचं काम केलेलं असेल, बोअर, कॅम वगैरे, आणि टायमिंग लाइट वापरता येत असेल तर प्रोग्रामेबल घ्या, तिथं त्याला अर्थ आहे. माझ्यासारखं स्टॉक इंजिनवर घेतलंत तर हौस म्हणून घ्या, हिशोब करू नका.

रेसिंगवाला डबा मेस्त्रींनी ठेवून घेतला, शेडमध्ये दिव्याच्या बटणाला लोंबकळवलाय, येणारी पोरं विचारतात हा कुठला म्हणून. आणि तो ओरिजिनल, ज्याला मी उगीच बदनाम केला, तो चितळेंच्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून, १० चा पाना आणि जास्तीची पल्सर कॉइल सोबत ठेवून, क्वाडच्या टूलबॉक्समध्ये कायम असतो.